जुन्या गाडीचे हेडलाइट घरीच सुधारायचे आहेत : काच, वायरिंग आणि उंची

वळणवाट
नमस्कार मंडळी.
आमच्या जुन्या हॅचबॅकच्या हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्यात. काच आपण सवयीनं म्हणतो, आहे ते पॉलिकार्बोनेट. रात्री समोरचं नीट दिसत नाही. पावसात तर दिवे लागलेत की नाही हे डॅशबोर्डवर बघून खात्री करावी लागते. मूळ असेंब्लीत ६०/५५ वॅटचा एच४ हॅलोजन बल्ब आहे, म्हणजे अप्पर आणि डिपर एकाच बल्बात.

भावाने कधीतरी घेतलेली आणि न बसवलेली हेडलाइटची एक आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीची नसलेली) जोडी मला मिळाली आहे. माझ्याच मॉडेलची आहे, ब्रॅकेट जुळतात. तिच्यात डिपरसाठी प्रोजेक्टर (भिंगातून झोत टाकणारा दिवा) आणि एच७ बल्ब, अप्परसाठी वेगळा एच१. म्हणजे एक तर जुन्या काचा घासून चकचकीत करायच्या, नाहीतर ही जोडी बसवायची.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. नुसता उजेड वाढवणं मला नको आहे. जो उजेड आहे तो रस्त्यावर, हवा तिथे पडावा आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये. रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला आज जो त्रास होतोय त्यात मला भर घालायची नाही.

घासलेल्या काचा किती टिकतात? एच४ च्या तीन पिनांच्या कपलरमधून (बल्बला लागणाऱ्या वायरींच्या जोडातून) दोन वेगळे बल्ब कसे चालवायचे? आणि उंची घरच्या घरी खात्रीने लावता येते का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ठिणगी
रुमाल टाकून ठेवते. आमच्या गाडीचीही हीच अवस्था आहे.

तारतम्य
काहीही उघडण्याआधी एक मोजमाप करा. इंजिन चालू, डिपर चालू, कपलर बल्बला लावलेलाच. मागून मल्टिमीटरची टोकं घालून बल्बच्या पिनांवर किती व्होल्ट येतात ते बघा. मग लगेच बॅटरीच्या टर्मिनलवर बघा. दोन्हींतला फरक म्हणजे वाटेत वाया जाणारे व्होल्ट. कपलर काढून मोजू नका. करंट वाहत नसताना सडकी वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते.

हे एवढं आग्रहाने सांगण्याचं कारण असं की हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. बल्बचे आकडे १३.२ व्होल्टवर दिलेले असतात. तुमच्या बल्बला १२ मिळत असतील तर प्रकाश पाव हिश्शाहून जास्त गेला. ११.५ मिळत असतील तर एक तृतीयांशाहून जास्त गेला. जुन्या गाड्यांत दिव्याचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो, बारीक वायरींतून. काच कितीही घासा, हा तोटा तसाच राहतो.

घासूनपुसून
आता काचेबद्दल. तारतम्य यांचं मोजमाप होईपर्यंत हेही करून बघा : काचेवर पाण्याचा फवारा मारा. ओली असताना काच स्वच्छ दिसली तर खराबी बाहेरच्या थरात आहे आणि घासून ती जाईल. ओली करूनही धुरकट राहिली, किंवा आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या, तर घासण्यात अर्थ नाही. भेगा प्लास्टिकच्या आत खोल असतात आणि आतल्या बाजूची वाफ बाहेरून पुसता येत नाही.

पिवळेपणा येतो तो असा : पॉलिकार्बोनेट अतिनील किरणांनी खराब होतं, म्हणून कारखान्यातच त्यावर कडक संरक्षक थर देतात. ऊन, धूळ आणि वर्षं यांनी तो थर झिजतो, जागोजागी उडतो, आणि खालचं उघडं प्लास्टिक पिवळं पडतं. घासताना आपण उरलासुरला थर काढून टाकतो. त्यामुळे नवा थर दिला नाही तर काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी, आणि या वेळी आधीपेक्षा लवकर. लोक म्हणतात "घासलेलं टिकत नाही", ते याच कारणाने.

पद्धत : आजूबाजूच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. वॉटर पेपर कायम ओला ठेवायचा. जुना थर सोलवटलेला असेल तर ६०० नंबरपासून सुरू करा, नाहीतर ८००. मग १०००, १५००, २००० आणि जमल्यास ३०००. प्रत्येक पेपरला हाताची दिशा बदला : एकदा आडवं, पुढच्याला उभं. आधीच्या पेपरचे सगळे ओरखडे गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. सुरुवातीला पांढरं पिवळट पाणी निघतं, ते पूर्ण दुधाळ पांढरं झालं की जुना थर निघाला. १००० च्या पेपरवर काच अगदी आंधळी दिसते, घाबरू नका. २००० नंतर रबिंग कंपाउंड, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून थर द्यायचा.

थर कशाचा, यावर प्रत्येकाचं मत वेगळं. दोन घटकांचा क्लिअर कोट सगळ्यात जास्त टिकतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुफ्फुसांना घातक आहे आणि धुळीच्या साध्या मास्कने अडत नाही. योग्य मास्क आणि मोकळी हवा नसेल तर घरी त्या वाटेला जाऊ नका. घरासाठी मी पुसून लावायचं यूव्ही (अतिनील किरण रोखणारं) कोटिंग किंवा यूव्ही रोखणारी पारदर्शक फिल्म सुचवीन. फिल्मचा फायदा असा की खडे तिच्यावर बसतात आणि खराब झाली की सोलून नवी लावता येते.

ठिणगी
टूथपेस्टने पण होतं म्हणतात ना? आणि डास पळवायच्या मलमाने?

घासूनपुसून
टूथपेस्ट म्हणजे सौम्य घासणी. वरवरचा धुरकटपणा जातो, संरक्षण काहीच मिळत नाही. डासांच्या मलमाचं मात्र मनावर घ्या : त्यातलं डीट प्लास्टिक विरघळवतं. वरचा थर मऊ होऊन पसरतो, म्हणून क्षणभर काच चमकते. नंतर तिथेच चिकट, भेगाळ पृष्ठभाग तयार होतो. थिनर, अ‍ॅसिटोन आणि पेट्रोल यांनीही पॉलिकार्बोनेटला भेगा जातात. या तिन्हींना काचेजवळ आणू नका.

शंकासूर
एवढा खटाटोप कशाला? एच४ च्या जागी एलईडी बल्ब घाला, कपलर तोच, दहा मिनिटांत काम. माझ्याकडे आहेत. भिंतीवर लख्ख पांढरा उजेड पडतो, हॅलोजनशी तुलनाच नाही.

रातराणी
शंकासूर, तुमच्या समोरून येणाऱ्यांना विचारलंत का कधी?

मी रोज रात्री कामावरून दुचाकीने घरी येते. समोरून असे दिवे आले की काही क्षण रस्ता नाहीसा होतो. कडेने चालणारा माणूस, खड्डा, दुभाजकाचं टोक, यातलं काहीच दिसत नाही. वेग कमी करून अंदाजाने जायचं, एवढंच हातात राहतं. मागे बसलेल्या मुलीला मी सांगून ठेवलं आहे की दिवा आला की डोळे खाली. गाडी चालवणाऱ्याला हे सुख नाही. वळणवाट यांनी पहिल्याच पोस्टमध्ये समोरच्याचा विचार केला, त्यासाठी मनापासून धन्यवाद.

आडवाटेचा_राजा
रातराणी +१. प्रकाश टाकावा, पण रस्त्यावर टाकावा :)

शंकासूर
राग समजतो. पण सगळा दोष एलईडीचा कसा? चुकीच्या उंचीवर लावलेलं हॅलोजनही डोळ्यांत जातंच की.

भिंगरी
शंकासूर यांचा दुसरा मुद्दा बरोबर आहे. पहिला नाही. दोन्ही सांगते.

एच४ मध्ये दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते, ती खालच्या बाजूला जाणारा प्रकाश अडवते. त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली, रस्त्याकडे वळतो. रिफ्लेक्टरचा सगळा आकार एवढ्या एका गोष्टीवर बेतलेला आहे की प्रकाश ठरलेल्या बिंदूतून, ठरलेल्या लांबीच्या बारीक तारेतून, सगळ्या बाजूंना निघेल. एलईडी बल्बमध्ये चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात. पट्टीची जाडी आली, दोन उगमांमध्ये अंतर आलं, आणि पट्टीच्या कडांच्या दिशेला उजेड कमी पडला. म्हणून आरसा तोच असूनही झोत बदलतो : मधला दूरवर जाणारा गाभा पातळ होतो आणि डिपरच्या झोताची जी वरची कड असते त्या रेषेच्या वर उजेड सांडतो. तोच समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

भिंतीवर लख्ख दिसणं फसवं आहे. गाडीच्या नाकासमोरचा भाग फार उजळला की बुबुळ आकुंचन पावतं आणि दूरचं आणखी कमी दिसतं. चालवणाऱ्याला वाटतं छान दिसतंय, कारण जवळचा डांबराचा पट्टा झगझगीत असतो. दूर उभं असलेलं जनावर मात्र त्याला उशिरा दिसतं.

काही एलईडी बल्ब फिलामेंटची जागा बऱ्यापैकी साधतात हे खरं आहे. काही देशांत ठरावीक दिवा आणि ठरावीक गाडी यांच्या जोडीला परवानगीही मिळाली आहे. पण ती जोडीला असते, कुठल्याही गाडीत कुठलाही बल्ब घालायला नाही.

गॅरेजकाका
भिंगरीताईंना पूर्ण अनुमोदन. वर्षानुवर्षं हेच काम करतोय, त्यातून एक भर घालतो. पुष्कळदा बल्ब चांगला, काच चांगली, तरी झोत वेडावाकडा असतो. मागचं रबर काढून बघितलं की कळतं, बल्ब खाचेत बसलेलाच नाही. एच४ च्या कडीला तीन कान असतात, वरचा मोठा. तिन्ही खाचेत बसून मगच स्प्रिंग क्लिप लागली पाहिजे. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डागाच्या जागी ती तापून बल्ब लवकर जातो. लागलंच तर अल्कोहोलने पुसा. आणि आतल्या चंदेरी रिफ्लेक्टरला फडकं लावायचं नाही, कितीही धूळ दिसली तरी. अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो, पुसला की निघून येतो.

वळणवाट ताई, नवी जोडी गाडीवर चढवण्याआधी जमिनीवर पेटवून बघा. काचेवरच्या खुणा वाचा. वर्तुळातलं ई आणि आकडा ही मान्यतेची खूण. शिवाय बाण शोधा. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजवीकडे बाण असेल तर तो दिवा डावीकडून चालणाऱ्या रहदारीसाठी. बाणच नसेल तर उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी. दोन्ही टोकांना बाण असेल तर दोन्हीकडे चालतो.

वळणवाट
किती मोलाची माहिती मिळतेय. मोजमाप केलं : बॅटरीवर १३.९, डिपरच्या पिनांवर ११.८. पाण्याचा फवारा मारल्यावर काचा अगदी स्वच्छ दिसल्या, आत भेगा नाहीत. नव्या जोडीवरच्या खुणा आज संध्याकाळी बघते.

तारतम्य
२.१ व्होल्ट वाटेत गेले. अर्धा व्होल्टही मी जास्त समजतो. आता प्लस बाजू आणि अर्थिंग वेगवेगळं मोजा : दिवा चालू ठेवून बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लसपर्यंत, मग बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. कधीकधी सगळा गुन्हेगार गंजलेला अर्थिंगचा बोल्ट असतो. तो घासून धातू उघडा केला की काम होतं.

प्लस बाजूच दोषी असेल तर रिलेचं हार्नेस करा, म्हणजे वायरींचा वेगळा संच : दिव्याचा करंट थेट बॅटरीकडून येतो आणि जुना स्विच फक्त रिले चालू-बंद करतो. ते जुन्या दिव्यांना लागेल आणि नव्या जोडीलाही.

रिलेच्या पिना : ३० ला बॅटरीकडून येणारी जाड वायर, ८७ वरून दिव्यांकडे, ८५ आणि ८६ ही कॉइल. एक रिले डिपरचा, एक अप्परचा. बॅटरीपासून ४ चौरस मिलिमीटरची वायर, आणि तिचा ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या जितक्या जवळ बसेल तितका जवळ. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यातली वायर कुठे घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारं कोणी नाही. ८७ नंतर २.५ च्या वायरी, डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगळा १० अँपिअरचा फ्यूज. ५५ वॅटचा एक दिवा साडेचार-पाच अँपिअर घेतो, म्हणजे १० पुरेसा आहे. फ्यूज वेगळे अशासाठी की भर रस्त्यात एक बाजू गेली तरी दुसरी जळत राहिली पाहिजे. अर्थिंगची वायरही तेवढीच जाड घ्या.

कॉइलची एक गोम आहे. काही गाड्यांत एच४ च्या सामाईक पिनेवर अर्थ असतो आणि स्विच प्लस जोडतो. पुष्कळ गाड्यांत याच्या उलट असतं : सामाईक पिनेवर प्लस आणि स्विच अर्थ जोडतो. अशा गाडीत कॉइलचं एक टोक बॉडीला लावलं तर रिले उचलणारच नाही किंवा भलताच वागेल. म्हणून मी ८५ आणि ८६ दोन्ही जुन्या कपलरच्याच पिनांना लावतो : डिपरच्या रिलेला सामाईक आणि डिपरची पिन, अप्परच्या रिलेला सामाईक आणि अप्परची. गाडी कुठल्याही प्रकारची असो, चालतं. रिलेच्या आत डायोड असेल तर मात्र प्लस-मायनस बघूनच जोडा. मूळ वायर कुठेही कापावी लागत नाही, हार्नेस काढलं की गाडी पूर्ववत.

ठिणगी
वाचनखूण साठवली. दोन पिनांचा बल्ब आणि तीन पिनांचा कपलर, तो प्रश्न राहिला ना?

तारतम्य
हो. रिले असले की तो प्रश्नच उरत नाही. डिपरच्या ८७ वरून दोन्ही एच७, अप्परच्या ८७ वरून दोन्ही एच१. फक्त हे लक्षात घ्या की बऱ्याच एच४ गाड्यांत अप्पर लावला की डिपर बंद होतो, कारण एकाच बल्बात दोन्ही फिलामेंट एकदम जळली तर तो फार तापेल. वेगळे बल्ब असतील तर अप्परसोबत डिपरही चालू राहिलेला चांगला, जवळचा रस्ता अंधारात जात नाही. त्यासाठी जोडणी थोडी बदलावी लागते. नवी जोडी बसवायची ठरली की सांगतो.

आडवाटेचा_राजा
सांधे झाळायचे की क्रिम्प करायचे (पक्कडीने दाबून बसवायचे)? आमच्याकडे यावर दोन पक्ष आहेत.

तारतम्य
क्रिम्प. झाळलेल्या ठिकाणी कथील वायरीत थोडं वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि इंजिनच्या थरथराटाने नेमका तिथेच तुटतो. चांगल्या पक्कडीने केलेलं क्रिम्प, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). वायर चिमटून दुसऱ्या वायरीत दात घुसवणारे ते प्लास्टिकचे क्लिप हेडलाइटसाठी वापरू नका, पाणी शिरून तांबं हिरवं पडतं. आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा.

परसातला_पारिजात
माझी गाडी अलीकडची आहे, तिलाही असंच करू का?

तारतम्य
अलीकडच्या गाडीत शक्यतो नको. तिथे कंट्रोल युनिट बल्बचा करंट मोजतं. बल्बच्या जागी नुसती कॉइल दिसली की "बल्ब गेला" अशी सूचना देतं. काही युनिट व्होल्टेज तुकड्यातुकड्याने देतात, त्यावर रिले फडफडतो. अशा गाड्यांना मुळात या हार्नेसची गरजही क्वचितच असते, व्होल्टेजचा तोटा कमी असतो. आधी मोजा.

शंकासूर
मग माझे एलईडी कधीमधी लुकलुकतात ते याचमुळे का? एकाने सोबत रेझिस्टर लावायला सांगितलंय.

तारतम्य
शक्यता तीच. रेझिस्टरने सूचना जाते, पण तो भट्टीसारखा तापतो. नेहमीचा ६ ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर २४ वॅट उष्णता काढतो. प्लास्टिकला किंवा वायरींना टेकू देऊ नका, धातूच्या पत्र्यावर स्क्रूने बसवा.

निवांत_नाना
थोडं विषयांतर. माझं वय सत्तरीकडे झुकलेलं. दोन वर्षं हेडलाइटला दोष देत होतो, शेवटी डॉक्टरांनी मोतीबिंदू दाखवला. शस्त्रक्रियेनंतर रात्रीचे दिवे फुटून दिसायचे थांबले. वयाबरोबर झगझगाटातून सावरायला डोळ्याला जास्त वेळ लागतो. तेव्हा माझ्या वयाच्या मंडळींनी दिव्यांबरोबर डोळेही तपासून घ्यावेत. आणि पुढची काच आतून पुसावी. आतल्या बाजूला तेलकट थर बसतो, तो दिवसा दिसत नाही आणि रात्री समोरचा प्रत्येक दिवा पसरवतो.

रातराणी
नाना, आतून काच पुसायचं आत्ताच जाऊन केलं. हेल्मेटची काचही पुसली :) खरंच फरक आहे.

वळणवाट
मंडळी, नव्या जोडीचा निकाल लागला. काचेवर ई ची खूण आहे, बाण मात्र कुठेच नाही. गॅरेजकाकांनी सांगितल्याप्रमाणे सुट्या बॅटरीवर फ्यूज लावून पेटवून बघितली. भिंतीवर रेषा छान धारदार, पण पायरी, म्हणजे रेषेचा वर चढणारा भाग, उजवीकडे आहे. म्हणजे आपल्याकडे ती थेट समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाणार. ही पायरी उलटवता येते का?

गॅरेजकाका
बाण नाही आणि पायरी उजवीकडे, म्हणजे शंका उरली नाही. काही प्रोजेक्टरला मागे बाजू बदलायची छोटी पट्टी असते, ती बघा. नसेल तर आतली झडप (उजेड अडवून रेषा पाडणारा पत्रा) उलटी घडवावी लागेल. त्यासाठी असेंब्ली उघडायची, म्हणजे ब्युटाइलचा (रबरी चिकटाचा) सांधा उष्णतेने मऊ करून काच सोडवायची. झडपेची कड फोकसमध्ये थोडी जरी मागेपुढे झाली तरी रेषा पुसट होते. प्रोजेक्टर बसवताना किंचित फिरला तर सगळी रेषा तिरकी, आणि ते काच चिकटवल्यावर बाहेरच्या स्क्रूने सुधारत नाही. वर सांधा नीट बसला नाही की पाणी आत. थोडी वाफ धरून दिवा लावल्यावर जात असेल तर चालतं, तळाशी पाणी साचलं तर सांधा फुटलाय.

ताई, मी तुमच्या जागी असतो तर ही जोडी बसवली नसती. मूळ काचा वाचवण्यासारख्या आहेत. तारतम्य यांचं हार्नेस, घासूनपुसून यांची पद्धत आणि नवा साधा ६०/५५ चा चांगला बल्ब. १००/९० च्या नादी लागू नका, मूळ कपलर वितळतो. निळसर काचेचे बल्बही नकोत, निळा लेप प्रकाश खातो.

परदेशी_पाखरू
आम्ही उजवीकडून चालतो आणि मला नेमकी उलटी अडचण आली होती! मायदेशातून आणलेले दिवे पायरी डावीकडे दाखवत होते. बाणाचं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर वाहतुकीचा खर्च वाचला असता.

वळणवाट
पट्टी नाही. ठरलं मग, मूळ दिवेच. अर्थिंग मोजलं, तिथे फक्त ०.२ जातात, बाकी सगळं प्लस बाजूला. रिले आणि वायर आणते. तोवर उंचीचं कोणीतरी सविस्तर सांगा ना.

भिंगरी
आधी गाडी तयार करा : टायरमध्ये योग्य हवा, डिकीतलं फालतू सामान बाहेर, चालकाच्या जागी तुमच्या वजनाचं कोणीतरी बसलेलं. डॅशबोर्डवर उंचीची चकती असेल तर ती शून्यावर. बॉनेटखाली किंवा दिव्याजवळ दिव्याचं चित्र आणि १.०% किंवा १.२% असं लिहिलेलं असतं, तो कारखान्याने ठरवलेला उतार. नसेल तर १ टक्का धरा.

जमीन सपाट हवी आणि भिंत तिच्याशी काटकोनात. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवून प्रत्येक दिव्याच्या मध्यावर भिंतीवर खूण करा. बल्बच्या समोर काचेवर बहुधा एक ठिपका असतो, तो मध्य. मग गाडी सरळ मागे घ्या, दिव्यापासून भिंतीपर्यंत ५ मीटर. १ टक्का म्हणजे ५ मीटरवर ५ सेंटिमीटर. खुणांच्या ५ सेंटिमीटर खाली आडवा टेप लावा. एका दिव्यासमोर पुठ्ठा उभा धरा, काचेला चिकटवू नका, ती तापते. उघड्या दिव्याची आडवी रेषा टेपवर आणा. पायरी जिथून डावीकडे चढायला लागते तो कोपरा त्या दिव्याच्या मध्यखुणेच्या सरळ खाली हवा. मग दुसरा दिवा. फक्त डिपर लावायचा, एच४ मध्ये अप्पर त्याच्यामागोमाग येतो.

एवढी काटेकोर का सांगतेय ते बघा. दिवा जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर असेल तर १ टक्का उताराने रेषा ७० मीटरवर जमिनीला टेकते. २ टक्के केलात तर ३५ मीटरवर. ताशी ८० ला दचकून ब्रेक मारेपर्यंत दीड सेकंद धरला तर कोरड्या रस्त्यावर थांबायला जवळजवळ ७० मीटर लागतात. ३५ मीटरच दिसत असेल तर ताशी ५० च्या वर तुम्ही दिसतं त्याच्या पुढे धावताय. आणि उतार शून्य केला तर रेषा जमिनीला टेकतच नाही, गाडीचं नाक जरा वर उचललं की समोरच्या दुचाकीस्वाराच्या चेहऱ्यावर जाते. भिंतीवरच्या ५ सेंटिमीटरमध्ये हे सगळं आहे.

गॅरेजकाका
उत्तम. भर एवढीच की स्क्रू फिरवून झाल्यावर गाडी थोडी फिरवून आणा, सस्पेन्शन बसतं, मग परत भिंतीवर बघा. आणि मागे चार माणसं, डिकीत सामान असेल त्या दिवशी चकती खाली करायची. नाक वर जातं.

वळणवाट
काम झालं! पिनांवर आता १३.४ व्होल्ट. काचा ८०० पासून ३००० पर्यंत घासल्या, वर यूव्ही फिल्म लावली. उंची बघितली तर डावा दिवा टेपच्या चांगला वर होता, उजवा पार खाली. दोन्ही टेपवर आणले. काल रात्री पावसात गाडी चालवली, रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी दूरवर दिसत होती. समोरच्या एकानेही डिपर मारला नाही. सगळ्यांची मनापासून ऋणी आहे.

भावाची जोडी परत दिली, बाणाचं सांगून. पुढे देशील त्यालाही सांग म्हटलं.

रातराणी
वळणवाट, माझ्याकडून खास धन्यवाद. तुमच्यासारखे दिवे समोरून आले की आम्ही सुखाने जातो.

ठिणगी
फिल्म लावताना वळणांवर सुरकुत्या नाही आल्या?

वळणवाट
साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवली, कोपऱ्यांवर हेअर ड्रायरने किंचित तापवून ताणली. मधून कडेकडे पाणी काढत जायचं.

शंकासूर
भिंगरी, शनिवारी माझी गाडी भिंतीसमोर ५ मीटरवर लावतो. आधी एलईडी, मग जुने हॅलोजन, दोन्हींचे फोटो टेपसकट टाकतो. रेषेच्या वर उजेड दिसला तर एलईडी काढून ठेवीन.

भिंगरी
नक्की टाका. दोन्ही फोटोंना कॅमेऱ्याचं एक्सपोजर एकच ठेवा, नाहीतर तुलना होणार नाही.